बटणांच्या साध्या फोनवर मेसेजचं सेटिंग कसं करून द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईसाठी बटणांचा साधा फोन घेतला. दोन महिन्यांतच स्क्रीनवर पाकिटाचं चिन्ह लुकलुकायला लागलं आणि नवे मेसेज येणं बंद झालं. देवनागरीत चार ओळी लिहिल्या तरी फोन ते तीन मेसेज म्हणून मोजतो. आईला हवा तो मेसेज सापडत नाही, आणि मेसेज आलेला कळतही नाही. फोन तिच्या सोयीचा कसा करून द्यावा?

मी बरीच वर्षं असे फोन दुरुस्त करतो आहे, आणि दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ ते वापरणाऱ्यांना शिकवण्यात जातो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या चार तक्रारींपैकी पहिली सोडवल्याशिवाय बाकीच्यांना हात घालू नका. आणि प्रत्येक सेटिंग करताना एकच गोष्ट तपासा: आलेला मेसेज आईला कुणाला न विचारता उघडता, वाचता आणि पुसता येतो का? तुम्हाला येणं हा मुद्दा नाही.

पाकीट लुकलुकतं आहे म्हणजे जागा संपली आहे. साध्या फोनमध्ये मेसेज दोन ठिकाणी राहतात, सिमवर आणि फोनच्या स्वतःच्या मेमरीत. सिमवरची जागा म्हणजे ठरावीक खणांचं कपाट. एक खण १७६ बाइटचा (बाइट हे मेमरी मोजायचं माप) आणि त्यात एकच मेसेज. मेसेजमध्ये नुसतं 'हो' लिहिलेलं असलं तरी अख्खा खण अडतो, आणि लांब मेसेज तीन भागांत आला असेल तर तीन खण जातात. असे खण सिमनुसार दहा-वीसपासून चाळीस-पन्नासपर्यंत असतात. फोनच्या मेमरीत त्यापेक्षा बरेच जास्त मेसेज मावतात. पण पुष्कळ फोनवर नवा मेसेज आधी सिमवरच जावा असं सेटिंग असतं, आणि ते बदलायचं असतं हे कुणी सांगत नाही.

जागा संपल्यावर आलेला मेसेज लगेच नाहीसा होत नाही. फोन नेटवर्कला कळवतो की माझ्याकडे जागा नाही, आणि मेसेज सेंटर, म्हणजे मेसेज पुढे पोहोचवणारी नेटवर्कची यंत्रणा, तो मेसेज आपल्याकडे थांबवून ठेवतं. तुम्ही एखादा मेसेज पुसलात की फोन नेटवर्कला पुन्हा कळवतो की आता जागा झाली, आणि अडकलेले मेसेज एकामागून एक येऊ लागतात. मात्र सेंटर कायमचं थांबत नाही. प्रत्येक मेसेजला मुदत असते. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये ती एक तास, सहा तास, एक दिवस, तीन दिवस, आठवडा किंवा कमाल अशी निवडता येते, आणि त्यावर सिम कंपनीची स्वतःची मर्यादाही असू शकते. मुदत संपली की मेसेज कायमचा गेला. ज्याला तो मिळायचा होता त्याला कधी कळतही नाही.

एक आजोबा फोन घेऊन माझ्याकडे आले होते. 'चार दिवस झाले, याला रेंजच नाही,' असं त्यांचं म्हणणं. रेंज पूर्ण होती, पाकीट मात्र लुकलुकत होतं. मी एक जुनी जाहिरात पुसली आणि फोन माझ्या हातातच सात-आठ वेळा वाजला. त्यात डोळ्यांच्या तपासणीची वेळ बदलल्याचा मेसेज होता, तीन दिवसांपूर्वीचा. आजोबा जुन्या वेळेला जाऊन, कुणी भेटलं नाही म्हणून परत आलेले होते. त्यानंतर माझ्याकडे कुठलाही साधा फोन कुठल्याही कामाला आला तरी मी आधी त्याची मेसेजची जागा बघतो.

तेव्हा आजच हे करा. मेसेजच्या मेनूत शिरा आणि सेटिंगमध्ये 'मेमरी स्टेटस' बघा. सिम किती भरलं आहे, फोन किती भरला आहे, दोन्ही आकडे तिथे दिसतात. मग 'प्रेफर्ड स्टोरेज' किंवा त्या अर्थाचं जे काही असेल तिथे 'सिम'ऐवजी 'फोन' निवडा. फोन दोन सिमचा असेल तर हे दोन्ही सिमसाठी वेगवेगळं करावं लागतं, इथे बरेच जण चुकतात. काही फोनवर हा पर्याय नसतो, फोन आपलं आपण ठरवतो. तिथे मग पुसण्याची सवय हाच उपाय.

पुसताना 'सगळे डिलीट' लगेच दाबू नका. काही फोनवर त्यात फक्त इनबॉक्स जातो, काहींवर पाठवलेले मेसेज आणि ड्राफ्टसुद्धा जातात, आणि साध्या फोनवर गेलेला मेसेज परत आणायची सोय नसते. आधी यादी एकदा वरपासून खालपर्यंत बघा. ठेवण्यासारखे मेसेज थोडेच निघतात: एखादा ग्राहक क्रमांक, औषधाचं नाव, कुणाचा पत्ता. ते 'माय फोल्डर' किंवा 'सेव्ह्ड' असा जो कप्पा फोनमध्ये असेल त्यात हलवा, आणि अगदी महत्त्वाचे असतील तर तारखेसह वहीत उतरवून ठेवा. वहीचं मी मनापासून सांगतो. साध्या फोनमधले मेसेज दुसऱ्या फोनमध्ये नेणं कटकटीचं असतं, आणि फोन पाण्यात पडला की मेमरीतलं सगळं त्याच्याबरोबर जातं. मेसेजमध्ये फोन नंबर आला असेल तर तो कागदावर उतरवून मग टाइप करत बसायची गरज नाही. मेसेज उघडा ठेवून ऑप्शनमध्ये 'यूज नंबर' शोधा, तिथून तो थेट नावासकट सेव्ह होतो. एवढं झालं की इनबॉक्स रिकामा करा.

जागा खाणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, पाठवलेले मेसेज आपोआप सेव्ह होणं. आईला काय पाठवलं ते पुन्हा बघायची सवय असेल तर राहू द्या, नाहीतर बंद करा. तुम्हाला पाठवलेले सापडत नसतील तर कारण उलटं असेल, हेच सेटिंग बंद असेल. दुसरी, डिलिव्हरी रिपोर्ट. ते चालू असलं की तुमच्या प्रत्येक मेसेजमागे 'पोहोचला' असा रिपोर्ट येतो, आणि काही फोन तो इनबॉक्समध्येच साठवतात. म्हणजे पाठवलेला एक आणि त्याचा रिपोर्ट एक, दुप्पट जागा. शिवाय 'पोहोचला' म्हणजे फोनपर्यंत पोहोचला, कुणी वाचला असं नाही. मी तो बंदच ठेवतो.

जागा झाल्यावर जुने अडकलेले मेसेज आले की ते यादीत सगळ्यात वर असतीलच असं नाही. आलेल्या मेसेजवरची वेळ साधारणपणे मेसेज सेंटरने लावलेली असते, आणि काही फोन त्याच वेळेनुसार यादी लावतात. तीन दिवस अडकलेला मेसेज मग तीन दिवस खाली जाऊन बसतो. न वाचलेल्याचं बंद पाकीट यादीत शोधा.

आता देवनागरीची मोजणी. इथे जरा सावकाश वाचा, कारण हे एकदा समजलं की मेसेज कसा आखडता घ्यायचा ते आपोआप कळतं.

एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात, ही हद्द ठरलेली आहे. एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि रोमन अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १४० बाइटमध्ये १६० अक्षरं जातात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून ७०. आणि चिन्ह म्हणजे आपण बोलतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणारा हलन्त, प्रत्येक वेगळा मोजला जातो. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. बोलताना तीन अक्षरं. फोनच्या हिशोबात व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी अशी दहा चिन्हं. जोडाक्षरं जास्त असतील तर सत्तरची मर्यादा दहा-बारा शब्दांतच संपते.

त्यापुढे गेलात की मेसेज तुकड्यांत जातो, आणि प्रत्येक तुकड्याला 'मी तीनपैकी दुसरा' अशी खूण सोबत न्यावी लागते. ती खूण सहा बाइट खाते. उरतात १३४ बाइट, म्हणजे रोमनची १५३ अक्षरं किंवा देवनागरीची ६७ चिन्हं. दोनशे चिन्हांचा देवनागरी मेसेज तीन तुकड्यांत जातो, तेवढ्याच लांबीचा रोमन दोन तुकड्यांत. सिम कंपनी पैसे किंवा कोटा मोजते तोही तुकड्यांचाच. वाचणाऱ्याला मात्र सगळं जोडून एकच दिसतं.

लिहिताना स्क्रीनच्या कोपऱ्यात '६०/१' असे आकडे दिसतात ना, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. पहिला आकडा उरलेल्या चिन्हांचा, दुसरा तुकड्यांचा. हे स्वतः करून बघा: रोमनमध्ये शंभर अक्षरं लिहा, आकडा ६०/१ दिसेल. आता शेवटी फक्त एक देवनागरी अक्षर टाका. आकडा एकदम ३३/२ होतो. एका अक्षरामुळे अख्खा मेसेज सत्तरच्या हिशोबात गेला, कारण एकाच मेसेजमध्ये दोन मोजण्या चालत नाहीत. रोमनमध्ये लिहून शेवटी सही तेवढी देवनागरीत करणाऱ्यांना हा फटका रोज बसतो आणि कारण कळत नाही. रोमनमध्येही महिरपी आणि चौकोनी कंस, उभी रेघ, युरोचं चिन्ह यांना दोन-दोन अक्षरांची जागा लागते, पण ती चिन्हं आपल्याला क्वचितच लागतात.

१६० हा आकडा कुठून आला ते सांगण्यासारखं आहे. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८०च्या दशकाच्या मध्यात टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं आणि प्रश्न लिहून अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६०च्या आत बसली. फोन आणि टॉवर यांच्यात कॉल जुळवण्याच्या खुणा जिथून जातात, त्याच वाटेवरच्या रिकाम्या जागेत हे बसवायचं होतं. कॉल चालू असतानाही मेसेज येतो तो याच कारणाने. पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थने संगणकावरून पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. तेव्हाची सगळी मोजणी रोमन अक्षरांची होती, आणि आपल्या लिपीच्या वाट्याला सत्तर चिन्हं येतात याचं मूळ तिथे आहे.

तरीही आईशी देवनागरीतच बोला, असं माझं ठाम मत आहे. दोन तुकडे जास्त गेले तरी चालतील. रोमनमध्ये लिहिलेली मराठी वाचताना वयस्कर माणसाला प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं, आणि 'काल' की 'कळ' हे त्यांनी ओळखायचं म्हणजे त्रासच.

आईला स्वतः लिहायचं असेल तर लिहिण्याची पद्धत आधी ठरवा. हॅशचं बटण दाबत गेलं की बहुतेक फोनवर मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे आणि भाषा बदलत जातात; चिन्हं स्टारवर असतात. रोमनमध्ये मराठी लिहायची असेल तर शब्द ओळखणारी सोय, म्हणजे टी-नाइन किंवा 'प्रेडिक्टिव्ह', आधी बंद करा. तिचा शब्दकोश इंग्रजीचा असतो. ४६६३ दाबलं की ती 'गुड', 'होम', 'गॉन' असे शब्द पुढे करते, मराठी शब्दाची ती मोडतोड करते. ती बंद केली की प्रत्येक अक्षरासाठी बटण मोजून दाबायचं. 'बाबा' रोमनमध्ये लिहून बघा, सरावाला याच्यासारखा शब्द नाही, कारण चारही अक्षरं २ या एकाच बटणावर आहेत. दोनदा दाबा, थांबा, एकदा दाबा, थांबा, पुन्हा दोनदा, थांबा, एकदा. मधलं थांबणं साधारण सेकंदभराचं असतं, आणि नेमकं तेच नव्या माणसाला जमत नाही. अक्षरं चुकतात ती घाईमुळे. थांबायचं नसेल तर उजवीकडचा बाण दाबला की कर्सर पुढे सरकतो आणि लगेच पुढचं अक्षर घेता येतं. ही युक्ती दाखवल्यावर कितीतरी आजीआजोबांनी माझ्यासमोर पहिला मेसेज पूर्ण लिहिला आहे.

त्याहूनही उपयोगी म्हणजे टेम्पलेट, म्हणजे निवडून थेट पाठवता येणारी तयार वाक्यं. फोनमध्ये आधीपासून काही इंग्रजी वाक्यं भरलेली असतात. ती आईच्या कामाची नाहीत. ती बदला आणि आईच्या तोंडची वाक्यं घाला. माझा अनुभव असा की पाच-सहा पुरतात. 'पोहोचले, काळजी नको' हे सगळ्यात जास्त वापरलं जातं, आणि ते अठरा चिन्हांत बसतं. 'सवड झाली की फोन कर', 'औषध घेतलं', 'मला बरं वाटत नाही, लगेच फोन कर' ही बाकीची. शेवटचं वाक्य यादीत पहिलं ठेवा, म्हणजे ते शोधावं लागणार नाही. वाक्यं तिच्याकडून बोलून घ्या आणि ती बोलेल तशीच लिहा. एकाच वेळी अनेकांना पाठवण्यासाठी नावांची यादी करायची सोयही काही फोनवर असते. तिचा उपयोग आहे, पण पाच जणांना पाठवलेला मेसेज पाच मेसेज म्हणून मोजला जातो हे आईला सांगून ठेवा.

दिसण्या-ऐकण्याचं सेटिंग सोपं आहे. अक्षराचा आकार 'मोठा' करा. तो कधी मेसेजच्या सेटिंगमध्ये असतो, कधी डिस्प्लेमध्ये. मेसेज संभाषणासारखे एकाखाली एक दाखवणारी पद्धत असेल तर आईसाठी साधी इनबॉक्सची यादी निवडा. छोट्या स्क्रीनवर संभाषणात कोणतं कुणाचं ते कळत नाही. होम स्क्रीनवरच्या डाव्या बटणाला किंवा वरच्या बाणाला इनबॉक्स जोडता येत असेल तर तो जोडाच. मेसेजचा आवाज निवडताना किरटा, तीक्ष्ण टोन टाळा. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे 'आलेलं कळत नाही' ही तुमची तक्रार बहुधा टोनचीच आहे. खालच्या पट्टीतला, तीन-चार सेकंद वाजणारा टोन लावा, सोबत व्हायब्रेशन ठेवा, आणि दुसऱ्या खोलीतून वाजवून आईला विचारा.

मेसेज येतात पण जात नाहीत, अशी वेळ आली आणि शिल्लक पुरेशी असली, तर मेसेज सेंटरचा नंबर तपासा. तो मेसेज सेटिंगमध्ये असतो, अधिक चिन्हाने आणि देशाच्या कोडने सुरू होतो, आणि सिमवर लिहिलेला असतो. सेटिंग चाळताना चुकून एखादा आकडा पुसला गेला की पाठवणं बंद पडतं. येणारे मेसेज त्या नंबरावर अवलंबून नसतात, म्हणून ते येत राहतात आणि दोष कुणाच्या लक्षात येत नाही. बरोबर नंबर सिम कंपनीकडून घ्या, आणि तो आजच वहीत लिहून ठेवा.

अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर मेसेज बिघडलेला नसतो, फोनमध्ये त्या लिपीची किंवा त्या चित्राची अक्षरं नसतात. तोच मेसेज तुमच्या फोनवर फॉरवर्ड केला तर नीट वाचता येतो. स्क्रीनवर मध्येच उघडणाऱ्या जाहिराती मात्र मेसेज नसतात. त्या सिमच्या स्वतःच्या मेनूतून किंवा 'इन्फो', 'ब्रॉडकास्ट' अशा सोयीतून येतात आणि इनबॉक्स कितीही साफ केला तरी थांबत नाहीत. सिमच्या मेनूत जाऊन त्या बंद करा. ब्रॉडकास्टमधून आपत्तीच्या सूचनाही येतात, तेव्हा सगळंच बंद करण्याआधी पर्याय नीट वाचा.

सुरक्षिततेचं थोडं. ओटीपीचे मेसेज काम झाल्यावर लगेच पुसायला शिकवा आणि तो आकडा फोनवर कुणालाही सांगायचा नाही हे पक्कं करून घ्या. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नसून अक्षरं असतील तर त्याला उत्तर जात नाही. आणि अक्षरं ओळखीची दिसली म्हणून मेसेज खरा असतोच असं नाही. मेसेज उघडा असताना हिरवं बटण दाबलं की पुष्कळ फोन पाठवणाऱ्याला किंवा मेसेजमधल्या नंबराला कॉल लावतात. म्हणून वाचून झाल्यावर लाल बटणानेच बाहेर पडायची सवय लावा. सिमला पिन लावलात तर तीन चुकांनंतर ते अडकतं आणि पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडण्याचा कोड, लागतो, तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बंद होतं. त्या पिनने फोनच्या मेमरीतले मेसेज झाकले जात नाहीत. त्यासाठी फोनचा वेगळा सिक्युरिटी कोड असतो. जुन्या नोकिया फोनवर तो १२३४५ असा आलेला असतो, तो बदला.

सगळं झालं की तुमच्या फोनवरून आईला देवनागरीत दोनशे चिन्हांचा एक मेसेज पाठवा आणि तिच्या शेजारी गप्प बसा. टोन तिला ऐकू येतो का, इनबॉक्स ती कुठल्या बटणाने उघडते, तिन्ही तुकडे जोडून दिसतात का, ती खालपर्यंत वाचत जाते का, आणि शेवटी 'पोहोचले'चं टेम्पलेट शोधून उत्तर पाठवते का, ते बघा. मग तोच मेसेज तिच्याकडून पुसून घ्या. ती जिथे अडखळेल, तिथलं सेटिंग बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक मेसेज पाठवून बघा.